चव्वेचाळीस पत्रं

वाईट माणसांशी माझं बरं जमतं. जुगाराच्या अड्ड्यावर धाड घातली की सगळं कसं सरळ असतं. दार आतून बंद, लोक मागच्या खिडकीतून पळतायत, टेबलावर पत्ते तसेच, आणि मालक म्हणतो, "मॅडम, आम्ही इथे वाढदिवस साजरा करत होतो." मी विचारते, "कुणाचा?" तीन जण तीन नावं सांगतात. पंचनामा, जप्ती, सह्या, विषय संपला. परवाना खात्यात तपासनीस म्हणून मी चोवीस वर्षं काढली, पण अड्डेवाल्यांनी माझी झोप कधी उडवली नाही. झोप उडवतात ती चांगली माणसं.

चांगल्या माणसांसाठी आमच्याकडे वेगळं कपाट आहे. 'धर्मादाय खेळ' असं त्यावर लिहिलंय. कुणाला वाचनालयासाठी सोडत काढायची असते, कुणाला शाळेच्या छपरासाठी हाउजी खेळवायची असते. पैसा सत्कार्याला जाणार असेल तर कायदा परवाना देतो, पण अटी घालून देतो. खेळ निव्वळ नशिबावर चालला पाहिजे, निकाल कुणाच्या हातात असता कामा नये, आणि प्रत्येक विजेत्याचं नाव नोंदवहीत पाहिजे. अटींचा कागद पुढे केला की या लोकांचे चेहरे पडतात. "अहो, आम्ही काय चोर आहोत का?" मी म्हणते, "नाही ना. चोर अटी नीट वाचतात." मग ते नाइलाजाने खिशातून चष्मा काढतात आणि वाचायला लागतात.

गेल्या वर्षी माझ्या टेबलावर रुग्णसाहित्य केंद्राची फाईल आली. परवान्याचं नूतनीकरण, नेहमीचंच काम. हे केंद्र आजारपणात लागणारं सामान लोकांना फुकट वापरायला देतं. वरखाली होणारे पलंग, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, ऑक्सिजनची नळकांडी. माणूस बरा झाला की सामान परत करायचं, नाही झाला तरी परत करायचं. हा सगळा डोलारा उभा आहे तो दर शनिवारी चार वाजता वरच्या हॉलमध्ये होणाऱ्या हाउजीवर.

तिथे माझी थोरली बहीण खेळते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मागाहून कुणीतरी म्हणेल, बाईंनी लपवलं. नियम असा आहे की संस्थेच्या कार्यकारिणीवर आपला नातेवाईक असेल तर फाईल दुसऱ्या तपासनीसाकडे द्यायची. खेळणाऱ्या बहिणीबद्दल नियम गप्प आहे. तरी मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याशिवाय इथे आहे कोण?" ते खरंच होतं. दुसरा तपासनीस रजेवर होता आणि तिसऱ्याची जागा सहा वर्षं रिकामी आहे.

भावोजी साडेतीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. ते गेल्यावर ताई पलंग परत करायला केंद्रात गेली, आणि तिथे पावती फाडणाऱ्या गृहस्थांनी तिला विचारलं, "शनिवारी हाउजीला येता का?" त्या दिवसांत ताई भाजी आणायला बाहेर पडायचं तरी मला फोन करून विचारायची, जाऊ का म्हणून. पण हाउजीला गेली. तेव्हापासून तिने एक शनिवार चुकवलेला नाही. तिसऱ्या रांगेतली खिडकीजवळची खुर्ची तिची आहे. तिथे दुसरं कुणी बसलं तर ती त्यांच्यापुढे उभी राहून ते उठेपर्यंत खोकते.

फाईल येण्याच्या सहा महिने आधी तिला फुल हाउस लागलं, म्हणजे तिच्या तिकिटावरचे सगळे आकडे सगळ्यांच्या आधी पुकारले गेले. बक्षीस काय, तर पाच लिटरचा प्रेशर कुकर. एकट्या बाईला पाच लिटरचा कुकर! पण तिने आपला जुना कुकर भंगारात दिला आणि त्यातच शिजवायला लागली. उरलेलं जिन्यातल्या चारही घरी जायचं. "घ्या, माझ्या लागलेल्या कुकरमधलं आहे," असं सांगून जायचं. मला फोनवर म्हणाली, "अगं, आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी लागलं. ठेच सोडून." इतकी मोकळी हसली की मलाच रडू आलं. त्या हसण्यासाठी मी केंद्रवाल्यांना दहा वर्षांचा परवाना एकदम दिला असता.

तर फाईलबरोबर विजेत्यांची नोंदवही आली. एरवी मी शितावरून भाताची परीक्षा करते, एखादं पान चाळते आणि सही ठोकते. त्या दिवशी मी ताईचं नाव शोधत होते. कौतुक, दुसरं काय! सापडलं. मग सवयीने त्याच्या पुढची नावं वाचली, मागची वाचली, आणि पेन खाली ठेवलं.

सणवार आणि सुट्ट्या वगळून वर्षभरातले चव्वेचाळीस शनिवार, चव्वेचाळीस फुल हाउस, चव्वेचाळीस निरनिराळी नावं. एकही नाव दोनदा नव्हतं.

ऐकायला छान वाटतं. पण मला ते खटकलं. नशीब इतकं शिस्तीचं नसतं, हे मला खात्याने नाही, अड्ड्यांनी शिकवलंय. नशीब एकाच्याच घरी चार-चार वेळा जेवायला जातं आणि शेजारच्याच्या दाराकडे ढुंकून बघत नाही.

तरी खात्री करावी म्हणून रात्रीची भांडी आवरल्यावर मी पत्त्यांचा कॅट काढला. तो आमचाच आहे, जप्तीतला नाही. हॉलमध्ये नेहमीचे खेळणारे एक्कावन्न, म्हणून बावन्नातला चौकटचा राजा बाजूला ठेवला. एक पान ओढायचं, नवऱ्याने ते कागदावर लिहायचं, पान परत घालून पिसायचं, की पुन्हा ओढायचं. असं चव्वेचाळीस वेळा. अर्ध्यावर नवरा म्हणाला, "लोकांच्या बायका या वेळेला टीव्ही बघतात." शेवटी कागद पाहिला. इस्पिकची सत्ती चारदा आली होती. एकवीस पानांनी तोंडच दाखवलं नव्हतं. पुन्हा केलं. दुसऱ्या खेपेला एकोणीस पानं कोरडी राहिली.

"म्हणजे कुणीतरी खातंय," नवरा म्हणाला.

"खाणारा आपल्या माणसांना देतो," मी म्हणाले. "हा सगळ्यांना देतोय. असला प्राणी मी अजून पाहिलेला नाही."

पुढच्या शनिवारी मी न कळवता हॉलमध्ये जाऊन मागच्या रांगेत बसले. ताईने मला पाहिलं आणि तिला इतका आनंद झाला की तिने आजूबाजूच्या सगळ्यांना सांगितलं, "माझी धाकटी बहीण. जुगार पकडते." लोक हसले आणि मग जरा सावरून बसले.

आकडे पुकारणाऱ्या गृहस्थांना तिथे सगळे वाढपीकाका म्हणतात. ताईला पहिल्यांदा बोलावलं ते यांनीच. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी चौतीस वर्षं वाढपी म्हणून काम केलं. आता सत्तरी ओलांडलीय, अंगाने सुकले आहेत, पण हॉलमध्ये अजून एप्रन बांधून आणि खांद्यावर नॅपकिन टाकून उभे राहतात. तिकिटं स्वतः वाटतात. रांगेतून चालत जातात, प्रत्येकापुढे तिकीट ठेवताना किंचित वाकतात आणि म्हणतात, "सावकाश होऊ द्या." मग पुढे जाऊन कापडी पिशवीत हात घालतात, एक लाकडी सोंगटी काढतात आणि तिच्यावरचा आकडा पुकारतात. "छत्तीस, नवरा-बायको! बारा, वाजले!" लोक तेच तेच विनोद ऐकून दर वेळी हसतात. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

पहिल्या अर्ध्या भागात ओळींची छोटी बक्षिसं झाली, साबण, टॉवेल वगैरे. त्यात मला काही वावगं दिसलं नाही. मग चहाची सुट्टी झाली. काका कप भरायला गेले आणि मी मागच्या पॅन्ट्रीत शिरले. पिशवी खुंटीला टांगलेली होती. मी सगळ्या सोंगट्या ओट्यावर ओतल्या आणि दहा-दहाच्या ओळी लावल्या. हाउजीत नव्वद आकडे असतात, म्हणजे नऊ ओळी व्हायला हव्यात. साडेसात झाल्या.

मी मोजत असतानाच काका रिकामा ट्रे घेऊन आत आले.

"पंधरा कमी आहेत," मी म्हणाले.

त्यांनी ट्रे ठेवला. एप्रनच्या आतल्या खिशातून कापडाची छोटी पुरचुंडी काढली, गाठ सोडली आणि उरलेल्या सोंगट्या माझ्या ओळींना जोडून लावल्या. अगदी सरळ लावल्या. एका तिकिटावर पंधरा आकडे असतात. फुल हाउसचं एक तिकीट ते आधीच बाजूला काढत, त्याच्या सोंगट्या पुरचुंडीत बांधत, आणि ते तिकीट ज्याला द्यायचं त्याच्यापुढे ठेवत. मग पुकारताना दर तिसरी सोंगटी पिशवीतली नसे, पुरचुंडीतली असे.

"आज कुणाचा नंबर होता?" मी विचारलं.

"दुसऱ्या रांगेतल्या शिंपीणबाई. दीड वर्षं येतात, साबणाची वडीसुद्धा मिळाली नाही."

"सगळ्या पिशवीत घाला. खेळ नीट होऊ द्या. सोमवारी ऑफिसात या."

त्यांनी घातल्या. चहानंतरचा खेळ त्या वर्षातला पहिला खरा खेळ होता. फुल हाउस लागलं एका निवृत्त पोस्टमनला, ज्याला महिन्याभरापूर्वीच लागलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण हातचं राखून. "याला तर आत्ताच मिळालं होतं ना?" असं पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं. शिंपीणबाईंनी तिकिटाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि छत्री घेऊन निघाल्या. नियमाप्रमाणे सगळं झालं होतं आणि मला त्या बाईंकडे बघवत नव्हतं.

सोमवारी मी काकांचा जबाब घेतला. एका पैशाचा फायदा त्यांनी घेतलेला नव्हता, स्वतःच्या नात्यातल्या कुणाला काही दिलेलं नव्हतं. मी विचारलं, "मग का केलंत?"

"कॅन्टीनमध्ये एकदा शेवटच्या माणसाला नुसता रस्सा उरला," ते म्हणाले. "नवीनच लागलो होतो, पुढच्यांना हात सैल सोडला. तो माणूस काही बोलला नाही. ताट घेऊन बसला, जेवला, गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो. त्यानंतर चौतीस वर्षांत शेवटच्याला पहिल्याइतकंच मिळालं. एक दिवस चुकलं नाही."

"ते जेवण होतं, काका. हा खेळ आहे."

"इथे कोण येतं बघा ना तुम्ही. कुणाचा नवरा गेलाय, कुणाचं मूल. आमचाच पलंग परत करायला आलेली माणसं आहेत सगळी. नशीब आंधळं असतं म्हणतात. पण मी तर डोळस आहे ना? मला दिसतं, कोण कधीपासून उपाशी आहे ते."

"लोक आंधळ्या नशिबाचं तिकीट घेतात," मी म्हणाले. "तुमच्या डोळ्यांचं नाही." आवाज चढला होता माझा. वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं, असं आपण गमतीने म्हणतो. इथे वाढणारा सगळ्यांच्याच ओळखीचा होता, आणि त्याला फसवणूक म्हणायचं हे मला सरकारी कागदावर लिहायचं होतं.

साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत, पण डोकं थंड आहे. त्यांनी फाईल वाचली आणि म्हणाले, "कोर्टात न्यायचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. दोन वाटा आहेत. एक, संस्थेने आपणहून परवाना परत करावा. मग चौकशी इथेच संपते, कुणाला काही कळवावं लागत नाही, पण हाउजी कायमची बंद. दुसरी वाट म्हणजे दंड भरायचा, पुकारणारा बदलायचा, पिशवीऐवजी काचेचं यंत्र आणायचं आणि खेळ चालू ठेवायचा. पण मग कलमाप्रमाणे प्रत्येक विजेत्याला लेखी कळवावं लागेल, की तुमचा निकाल सोडतीने लागलेला नव्हता. पत्रावर सही चौकशी अधिकाऱ्याची. म्हणजे तुमची. शिफारस काय करायची ते तुम्ही ठरवा."

वाढपीकाका समोरच बसले होते. स्वतःच्या शिक्षेबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. पत्रांचं ऐकल्यावर मात्र ते उठून उभे राहिले.

"खेळ बंद करा, साहेब. मला काय हवं ते करा. पण पत्रं नका पाठवू. लोकांच्या घरात त्या वस्तू आहेत. रोज बघतात त्यांच्याकडे."

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. केंद्र चालवणाऱ्या बाईंनी एवढंच सांगितलं, की हाउजी बंद झाली तर चाळीसपैकी तीस पलंग विकावे लागतील, पण निर्णय जो होईल तो मान्य. चांगली माणसं, म्हटलं ना, झोप उडवतात.

रविवारी ताईकडे जेवायला गेले. चौकशी चालू असताना तिच्याशी काही बोलायची मला बंदी होती, आणि तसंही काय बोलणार? तिने भात, भाजी, सगळं ओट्यावर मांडलं, आणि नेहमीप्रमाणे चार डबे शेजारच्यांसाठी बाजूला भरले. हॉलमध्ये कुजबुज पोचली होती.

"शनिवार बंद होणार म्हणतात. खरं का गं?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले. मी खोटं बोलले की ताईला कळतं. लहानपणापासून कळतं.

"बंद झाला तर मी शुक्रवारनंतर एकदम रविवार करीन," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण डबा बंद करताना तिचं झाकण दोनदा चुकलं. "तुला सांगते, कुकर लागला ना, तेव्हापासून मला वाटतं, आपल्यालाही काही काही होऊ शकतं. साठी आली म्हणून काय झालं!"

घरी येताना रस्ताभर मी स्वतःशी भांडत होते. पत्रं पाठवली नाहीत तर तिचा कुकर राहील आणि शनिवार जातील. पाठवली तर शनिवार राहतील, आणि कुकर म्हणजे नुसतं एक भांडं होऊन बसेल. बहिणीकडून काय काढून घ्यायचं, एवढंच माझ्या हातात होतं. मला काकांचा राग आला, साहेबांचा आला, ज्याने कुणी ते कलम लिहिलं त्याचा तर फारच आला. ताईला पुन्हा तेच ते घर, तीच ती खिडकी, आणि फोनवर 'जाऊ का गं?' हे मला सहन होणार नव्हतं. मोठा न्याय वगैरे माझ्या मनात नव्हता. सोमवारी मी दुसऱ्या वाटेची शिफारस लिहिली, आणि साहेबांनी त्यावर सही केली.

पत्राचा मसुदा ठरलेला असतो, त्यातला शब्द बदलता येत नाही. "आपणांस कळविण्यात येते की, वरील दिनांकाच्या खेळात आपणांस प्राप्त झालेले बक्षीस सोडतीने प्राप्त झालेले नसून, पुकारणाऱ्या इसमाने हेतुपुरस्सर दिलेले होते. सदर बक्षीस परत करण्याची आवश्यकता नाही." खाली माझं नाव, हुद्दा आणि सही. चव्वेचाळीस पत्रांवर मी सह्या केल्या. त्रेचाळीस पोस्टात टाकली आणि एक पर्समध्ये ठेवलं.

संध्याकाळी पाचला ताईकडे गेले. चहा नको म्हटलं तेव्हाच ती ओळखून चुकली की मी बहीण म्हणून आलेली नाही. तिने चष्मा लावला आणि पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं, या खेपेला बोट ठेवून.

"इसम म्हणजे वाढपीकाका?"

"हो."

"सगळ्यांचंच असं?"

"चव्वेचाळीस जणांचं. तुझ्यावर काही वेगळी कृपा नव्हती."

"ते तरी बरं," ताई म्हणाली.  बाहेर जिन्यात कुणीतरी सायकल वर चढवत होतं, तिचा प्रत्येक पायरीवर आवाज होत होता. आवाज थांबला तेव्हा ती म्हणाली, "देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. माझं कर्म सरकारी नोकरीत आहे."

मला हसू आलं. "ताई, मला माफ कर. दुसरा उपाय नव्हता. होता, पण मग शनिवार गेले असते."

"माहीत होतं मला, की तुझ्या हातात काहीतरी आहे. त्या दिवशी जेवताना तू मीठ कमी आहे हेसुद्धा बोलली नाहीस." तिने पत्राची घडी घातली. "राग येतोय मला. त्या काकांचा. उपाशी आहे असं मी कधी सांगितलं होतं त्यांना? तिकीट काढून खेळत होते मी. हरत होते ते माझं मी हरत होते."

नियमाप्रमाणे हातपोच पत्राची पोच घ्यावी लागते. मी दुसरी प्रत पुढे केली, तिने सही केली, तारीख घातली. मग ती उठून आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार वाजलं. मला वाटलं, डोळे पुसायला गेली असेल, म्हणून मी बसून राहिले.

ती आली ती बाबांच्या चष्म्याचं जुनं घर हातात घेऊन. "तुला आठवतं," ती म्हणाली, "आपण दोघी एकाच वर्षी मॅट्रिक झालो. आईच्या आजारपणात माझं एक वर्ष गेलं होतं म्हणून. बाबांना एकीलाच शिकायला बाहेर पाठवायला जमणार होतं."

आठवतं म्हणजे काय! दोन चिठ्ठ्या, पितळेची वाटी, आईने डोळे मिटून उचललेली एक. तिच्यावर माझं नाव होतं. बाबा म्हणाले होते, "नशिबापुढे कुणाचं काय चालतं?" माझी ट्रंक ताईनेच भरली होती. नोकरी लागली तेव्हा, बढती मिळाली तेव्हा, मी दर वेळी सगळ्यांना सांगत आले, माझी चिठ्ठी निघाली म्हणून हे झालं.

ताईने चष्म्याचं घर उघडून माझ्यापुढे ठेवलं. आत दोन पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या होत्या. मी दोन्ही उघडल्या. दोन्हींवर माझंच नाव होतं. अक्षर बाबांचं, पहिल्या अक्षराला ओढलेला तो लांब काना त्यांचाच. माणसं स्वतःविरुद्धचा पुरावा का जपून ठेवतात, हे मला चोवीस वर्षांत कळलेलं नाही, आणि त्या क्षणीही कळलं नाही.

"बाबा गेल्यावर कपाट आवरताना सापडल्या," ताई म्हणाली. "नऊ वर्षं झाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तू त्या चिठ्ठीबद्दल किती खुशीत बोलायचीस. म्हटलं, असू दे तिच्याकडे. आपल्याने काढून घेववत नाही." तिने माझी पत्राची प्रत माझ्या बाजूला सरकवली. "मलाही तोवर वाटायचं, माझं नशीबच फुटकं. चिठ्ठ्या सापडल्या तेव्हा कळलं, नशिबाने तर मला कधी विचारलंच नव्हतं. बाबांनी ठरवलं होतं. मग हा कुकर लागला आणि वाटलं, आता विचारलं बाई एकदाचं."

 मला बाबांचा राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, की ज्या वाटीत एकच नाव होतं तिच्या जोरावर मी आयुष्यभर नशीबवान म्हणून मिरवले. चव्वेचाळीस लोकांना मी तेच पत्र पाठवलं होतं आणि ते मिळाल्यावर कसं वाटतं हे मला आत्ता कळत होतं.

"थोडा वेळ सगळंच खोटं वाटतं," ताई म्हणाली. "मला तेव्हा दोन दिवस वाटत होतं. पण तू आज स्वतः आलीस, समोर बसून दिलंस. मला नऊ वर्षांत ते जमलं नव्हतं. म्हटलं, आता तुझं तुलाही देऊन टाकावं."

मी चिठ्ठ्यांची जुन्या घडीवरूनच घडी घालायचा प्रयत्न करत होते, पण ती दर वेळी उलटीच पडत होती. ताईने त्या माझ्या हातून घेतल्या, नीट घडी घातली, आणि माझ्या पर्समध्ये ठेवल्या.

"पोच नको," ती म्हणाली. "तू रडतेयस, तेवढं पुरे."